पार्ट-बी मधली गाडी

खामगावातून रुईच्या गाठी भरून मुंबईच्या वाटेला लागलेली दहा चाकी गाडी रात्री कुठवर पोहोचली, हे मालकाला कोणी फोन करून सांगत नाही. ड्रायव्हर स्टिअरिंगवर असतो, त्याला सारखा फोन लावायचा नाही, हा जुना शिरस्ता. लावलाच तर 'चाललो ना भाऊ' यापलीकडे उत्तर मिळत नाही. मग मालक जेवण उरकून खाट टाकतो आणि मोबाइल उशाशी ठेवतो. फास्टॅगमधून पैसे कापल्याचे मेसेज एकेक करून येत राहतात. नशिराबाद. लळिंग. चांदवड. पिंपळगाव. घोटीचा मेसेज आला की गाडी आता कसारा घाट उतरणार. पडघ्याचा आला की भिवंडी हाताशी. दोन मेसेजांमधला वेळ नेहमीपेक्षा लांबला की मात्र झोप उडते. टायर बसला असेल, हॉटेलवर थांबला असेल, की आणखी काही?

फास्टॅग आला तो टोलनाक्यावरची रांग मोडायला आणि टोलची गळती थांबवायला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून तो सक्तीचा झाला. टॅग नसेल तर तेव्हा दुप्पट टोल लागे. गाडीवर नजर ठेवण्यासाठी तो कोणी बनवला नव्हता. जीपीएसची वर्षाची वर्गणी ज्याला जड वाटत होती, त्या एका-दोन गाड्यांच्या मालकाने ती सोय त्यातून आपली आपण काढली. कोणत्याही कंपनीने शिकवलं नाही, कुठे प्रशिक्षण झालं नाही. मालवाहतुकीतल्या डिजिटल बदलांविषयी शहरात जे बोललं-लिहिलं जातं, त्यात ही हुशारी फारशी येत नाही. मला मात्र इथूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण बुलढाणा जिल्ह्यातल्या ट्रकवाल्यांनी तंत्रज्ञान कसं घेतलं आणि कसं वाकवलं, याचा सगळा नमुना त्यात आहे. आणि त्यांच्या हाती काय लागलं नाही, याचाही.

बुलढाण्याचा माणूस जिल्ह्याचे दोन भाग करूनच बोलतो, घाटावर आणि घाटाखाली. घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. मुंबई–हावडा रेल्वे घाटाखालून जाते, पूर्वीचा सहा नंबरचा आणि आताचा त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्गही घाटाखालूनच. खुद्द बुलढाणा शहराला आजतागायत रेल्वे नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्यामुळे घाटावरचं सोयाबीन, हरभरा, तूर, देऊळगावराजाकडचं बियाणं, सगळं आधी ट्रकमध्ये चढतं. ट्रक इथे रेल्वेला जोड म्हणून चालत नाही. घाटावर तर तोच रेल्वेच्या जागी उभा आहे.

नवं तंत्र या जिल्ह्यातल्या मालवाहतुकीत पहिल्यांदा आलं ते मोबाइलच्या सव्वाशे वर्षं आधी. १८७० च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. निमित्त होतं जलंब ते खामगाव या जेमतेम तेरा किलोमीटरच्या रेल्वेचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता, आणि वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत लवकर कसा पोहोचेल, याची चिंता मँचेस्टरला लागली होती. त्या रुळांच्या जोडीने तारायंत्र आलं. आदल्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला होता. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने मागणी नोंदवावी आणि सुमारे सहा आठवड्यांत वऱ्हाडी कापूस तिथल्या धक्क्यावर उतरावा, इतकं अंतर आटलं. बैलगाड्यांच्या काळात असली मागणी पुरी व्हायला कित्येक महिने जात. पण तार कोणाच्या हाती होती? पेढीवाल्याच्या. कापूस पिकवणारा आणि तो बाजारापर्यंत ओढून आणणारा गाडीवान, दोघेही त्या तारेच्या बाहेर होते. हा इतिहास मी उगाच आठवत नाही. खामगावच्या बाजारात ट्रकच्या चाकाशी उभं राहिलं की तोच प्रश्न नव्याने समोर येतो.

आधी या धंद्याची उतरंड पाहिली पाहिजे. माल एखाद्या मोठ्या कंपनीचा असेल तर तिचा वर्षाचा करार मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीशी असतो. त्या कंपनीकडे स्वतःच्या गाड्या थोड्या. ती काम खाली देते खामगाव, मलकापूर, अकोल्याच्या हुंडेकऱ्याला. हुंडेकरी गाडी शोधतो दलालाकडून. आणि दलाल फोन लावतो तो एका, दोन, फार तर चार गाड्यांच्या मालकाला. हा मालक अनेकदा स्वतःच गाडी चालवतो, किंवा काल-परवापर्यंत चालवत होता. देशातल्या बहुसंख्य ट्रकमालकांकडे पाचच्या आत गाड्या आहेत. आयकर कायद्यानेही हे ओळखलेलं आहे. दहापर्यंत मालमोटारी असणाऱ्याला हिशेबाच्या वह्यांत न अडकता ठरावीक अंदाजित उत्पन्नावर कर भरता येतो, आणि त्याने पॅन व तसं घोषणापत्र दिलं तर भाड्यातून टीडीएस कापला जात नाही.

ही उतरंड मोडू, मधले दलाल काढून टाकू आणि मालवाला व ट्रकवाला यांना थेट जोडू, अशी घोषणा करत साधारण २०१५ च्या सुमारास ॲपवाल्या कंपन्या उतरल्या. बंगळुरूची ब्लॅकबक त्यातली सगळ्यांत गाजलेली. गुरुग्रामची रिविगो त्याच्या आदल्या वर्षीची. तिने ठरावीक टप्प्यावर ड्रायव्हर बदलण्याची पद्धत आणली, म्हणजे गाडी पुढे जाईल आणि माणूस घरी. ही कल्पना मला आजही मनापासून पटते. पण कंपनी स्वतःच्या बळावर टिकली नाही. २०२२ मध्ये तिचा मुख्य धंदा महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला. ब्लॅकबक टिकली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारातही आली. मात्र आज तिची मुख्य कमाई माल जुळवून देण्यातून होत नाही. ती होते फास्टॅग आणि डिझेलच्या पैशांची देवघेव आणि जीपीएसची वर्गणी यांतून. दलालाला हटवायला निघालेली कंपनी टोल आणि डिझेलच्या खिडकीवर जाऊन स्थिरावली.

असं का झालं? भाडं जुळवणं हा दर आणि अंतर यांचा मेळ एवढाच मामला असता तर ॲप पुरलं असतं. पण जिनिंगच्या आवारात गाडी दोन दिवस उभी राहिली तर खोटीचे पैसे कोण देणार? वाराई, म्हणजे हमालीचे पैसे, कोणाच्या अंगावर? उतरवताना दोन पोती कमी भरली तर कटती किती, आणि ती खरी की खोटी? वाटेत गाडी पकडली गेली, ड्रायव्हर दवाखान्यात पडला, तर रात्री दोन वाजता कोणाला उठवायचं? या प्रत्येक प्रश्नाला दलाल नावाचा एक ओळखीचा माणूस उत्तर असतो. तो कमिशन खातो, कधी दोन्हीकडून खातो, पण तो त्याच गावात राहतो आणि उद्याही तिथेच दिसणार असतो. ॲपच्या कॉल सेंटरवरच्या मुलीला नांदुऱ्याचा बायपास ठाऊक नसतो.

म्हणून झालं असं की दलाल ॲपमध्ये गेला नाही, व्हॉट्सॲपवर गेला. आज जिल्ह्यातला बहुतेक माल व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. मेसेज साधारण असा असतो : 'खामगाव ते इंदूर, १६ टन, हरभरा, आज लोडिंग, ॲडव्हान्स ७०, रिटर्न गाडी चालेल.' यातलं 'ॲडव्हान्स ७०' म्हणजे भाड्याचे सत्तर टक्के गाडी भरल्यावर, उरलेले पोच आल्यावर. 'रिटर्न गाडी' म्हणजे इंदूरकडची, माल उतरवून परतीचं भाडं शोधत इकडे थांबलेली गाडी. ती कमी दरात जाते, कारण रिकामी परतण्यापेक्षा डिझेल निघालं तरी पुरे. पूर्वी असा परतीचा माल शोधत ड्रायव्हर ट्रान्सपोर्ट ऑफिसांच्या दारात दोन-दोन दिवस बसून राहायचे. आता गाडी उतरत असतानाच पुढचं भाडं ठरतं. हा फायदा खरा आहे, आणि तो फुकटच्या साधनातून मिळाला.

जगातही फार निराळं घडलेलं नाही. केनियात लोरी, नायजेरियात कोबो ३६० अशा कंपन्या याच स्वप्नाने निघाल्या. चीनमध्ये मात्र दोन मोठ्या ॲपचं २०१७ मध्ये विलीनीकरण होऊन फुल ट्रक अलायन्स उभी राहिली आणि २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली. तिथे ट्रकवाल्याची गाठ एकाच प्रचंड बाजाराशी पडते. तो बाजार भाव पाडू लागला तर जायचं कुठे, हा प्रश्न तिथल्या ड्रायव्हरांनीही विचारलेला आहे. ब्राझीलच्या ट्रकवाल्यांनी व्हॉट्सॲपचा आणखी एक उपयोग दाखवला. मे २०१८ मध्ये डिझेलच्या दरावरून त्यांनी देश दहा-अकरा दिवस ठप्प केला. त्याची जुळवाजुळव बरीचशी ग्रुपवरच झाली, आणि सरकारला डिझेल स्वस्त करावं लागलं. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये 'हिट अँड रन'च्या नव्या कलमावरून गाड्या उभ्या राहिल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हाही निरोप असाच मोबाइलवरून पसरला होता.

सरकारी तंत्रज्ञान मात्र ऐच्छिक नव्हतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले, आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल लागू झालं. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीला त्याच वर्षीच्या मे महिन्यात. नियम साधारण असा की पन्नास हजारांवरचा करपात्र माल हलवायचा तर आधी पोर्टलवर बिल काढायचं. राज्यातल्या राज्यात महाराष्ट्राने ही मर्यादा पुढे एक लाख केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभरातल्या ई-वे बिलांचा महिन्याचा आकडा पहिल्यांदाच दहा कोटींवर गेला.

या बिलाचे दोन भाग असतात. पार्ट-ए मध्ये माल कोणाचा, कोणाला चालला, किती किमतीचा, कुठल्या जीएसटी क्रमांकाचा. पार्ट-बी मध्ये गाडीचा नंबर. एमएच-२८ ने सुरू होणारा तो नंबर भरला की बिल पुरं होतं आणि मुदत चालू होते. सुरुवातीला दर शंभर किलोमीटरला एक दिवस होता, १ जानेवारी २०२१ पासून दर दोनशेला एक. खामगाव ते मुंबई पाचशेवर किलोमीटर, म्हणजे तीन दिवस. सरळ गेलं तर भरपूर. पण कसारा घाटात गाडीचा क्लच गेला आणि माल दुसऱ्या गाडीत घ्यावा लागला, तर आधी पार्ट-बी बदलायचा. मुदत संपली तर वाढवायची, पण संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच, आणि ती वाढवणार ऑफिसातला माणूस, गाडीवरचा नव्हे. त्या आठ तासांत रविवार आला, ऑफिसातल्या पोराने फोन बंद ठेवला, की महामार्गावर गाडी पकडली जाते. दंड करावर, करदाता व्यापारी. पण रस्त्याच्या कडेला उभी राहते गाडी आणि तिच्याखाली झोपतो ड्रायव्हर. उभ्या गाडीच्या बँकेच्या हप्त्याला कोणी मुदतवाढ देत नाही.

रोखीचं काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीच्या नोटबंदीनंतर महामार्गावरचे टोल २ डिसेंबरपर्यंत माफ करावे लागले, इतका हा धंदा नोटांवर चालत होता. आज ॲडव्हान्स थेट खात्यात येतो, डिझेलला तेल कंपन्यांची कार्डं आहेत, ड्रायव्हरचा भत्ता यूपीआयवर जातो. तरी वाटेत वाराई, ताडपत्री बांधणाऱ्याची मजुरी, पंक्चर, आणि ज्यांची पावती कधीच मिळत नाही असे काही खर्च, यांना रोखच लागते. मग मालक ओळखीच्या पंपवाल्याला ऑनलाइन पैसे पाठवतो आणि पंपवाला डिझेलबरोबर ड्रायव्हरच्या हातात नोटा देतो. महामार्गावरचा पंप हा आता ट्रकवाल्याचा बँकेचा काउंटर झाला आहे. तोही कोणाच्या योजनेत नव्हता.

गाडीही बदलली. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत युरियाची वेगळी टाकी आली, सेन्सर आले, कंपनीचं स्वतःचं जीपीएस आलं. इंजिनात काही बिघडलं तर पाना घेऊन खाली शिरणारा मिस्त्री आता आधी स्कॅनर लावतो. ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्याच्याकडे जुन्या गाड्याच येतात. कान लावून इंजिनाचा आवाज ओळखणाऱ्या मिस्त्र्यांची एक पिढी महामार्गावर उभी आहे आणि तिच्या हातचं काम कमी होतंय, याचं मला वाईट वाटतं. वाळूच्या टिप्परची गोष्ट आणखी निराळी. पूर्णा आणि खडकपूर्णेच्या पट्ट्यात गौण खनिज वाहणाऱ्या गाड्यांना जीपीएस आणि 'महाखनिज' प्रणालीवरचा परवाना सक्तीचा आहे. तिथे यंत्र चोरी रोखायला बसवलेलं आहे, आणि चोरी थांबली असं या जिल्ह्यात कोणी छातीठोकपणे सांगणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये शेवटचा. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या घाटावरच्या तालुक्यांतून तो जातो. दीडशे वर्षं घाटाखालच्या रुळांकडे आणि रस्त्याकडे बघत बसलेल्या घाटावरच्या लोकांना पहिल्यांदाच देशातल्या सगळ्यांत वेगवान रस्त्यांपैकी एक दाराशी मिळाला. टोल किलोमीटरवर, वसुली टॅगवर. पण गाडी बाजूला घेऊन ड्रायव्हरने झोपायचं कुठे, अंघोळ कुठे, चहा कुठे, याची सोय कितीतरी काळ नव्हती. मग गाड्या रस्त्याच्या कडेलाच लागत. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळून पंचवीस माणसं गेली, तेव्हा या रस्त्यावरच्या थकव्याबद्दल, झोपेबद्दल आणि वेगाबद्दल महाराष्ट्र काही दिवस बोलला. टोल आधी आला आणि विश्रांतीची जागा मागून, हा क्रम मला अक्षम्य वाटतो.

ड्रायव्हरच्या वाट्याला तंत्रज्ञान येतं ते बहुतेक वेळा पहाऱ्याच्या रूपात. मालकाला गाडी दिसते, हुंडेकऱ्याला दिसते, कंपनीला दिसते. ई-चलन घरी येतं आणि पगारातून कापलं जातं. कधी गाडी जिथे गेलीच नाही तिथलंही येतं, असं वाहतूकदार वर्षानुवर्षं सांगत आले. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या माल वाहतूकदारांनी संप केला तो मुख्यतः याच ई-चलनांवरून. क्लीनरची सक्ती उठवा, हीही मागणी त्यात होती. वीस वर्षांपूर्वी गाडीवर दोघं असत. आता बहुतेक गाड्यांवर एकटा माणूस असतो आणि सोबतीला डॅशबोर्डवर अडकवलेला मोबाइल.

१७ सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर सरकारने 'युलिप' नावाचा मंच आणला. वाहनाची नोंद, ड्रायव्हरचं लायसन्स, फास्टॅग, ई-वे बिल यांची माहिती त्यावर एकत्र मिळते आणि कंपन्या ती आपल्या संगणकाला जोडून घेऊ शकतात. म्हणजे खामगावची गाडी आता भारतभर दिसते. तिचा विमा कधी संपतो, ती कुठल्या नाक्यावरून किती वाजता गेली, तिच्यावर किती चलनं आहेत, सगळं. पण त्या गाडीच्या मालकाचं भाडं किती ठरलं, त्यातलं किती दिलं, किती राहिलं आणि कधी मिळणार, हे यांतल्या एकाही यंत्रात नाही. ई-वे बिलात माल पाठवणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं आहे, मोठ्या ट्रान्सपोर्टरचा क्रमांक आहे. प्रत्यक्ष माल वाहणाऱ्याचा फक्त गाडीचा नंबर आहे, पार्ट-बी मध्ये.

या धंद्यातलं खरं दुखणं इथे आहे. गाडी उतरली, शिक्का मारलेल्या पोच पावतीचा फोटो ड्रायव्हरने तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर टाकला. तरी अस्सल पोच कुरिअरने ऑफिसात आल्याशिवाय उरलेलं भाडं निघत नाही. पोच आली की 'कंपनीकडून आलं नाही अजून' सुरू होतं. महिना जातो, दोन जातात. मधल्या काळात टायर उधारीवर, डिझेल उधारीवर, हप्ता व्याजाने. माल एका मिनिटात शोधून देणारं तंत्रज्ञान झालेल्या कामाचे पैसे मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्याच चालीने देतं.

कायदा नाही असं नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरणार नाही. ट्रकमालक उद्यम नोंदणी करू शकतो. पण तो हुंडेकऱ्याला बिल देतच नाही. बिल्टी, म्हणजे माल गाडीत चढल्याची पावती, निघते ती वरच्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या नावाची. त्याच्याकडे पुरावा काय? एक फोन कॉल, एक मेसेज, वहीतली एक ओळ.

आणि बिल्टीवर बँका पैसे देतात! इंडियन बँक्स असोसिएशनच्या यादीतल्या ट्रान्सपोर्ट कंपनीची बिल्टी असेल तर त्यावर व्यापाऱ्याला बँक उचल देते, कारण ती मालाची साक्ष मानली जाते. ज्याच्या गाडीतून तो माल गेला त्याला त्याच बिल्टीवर दमडीही मिळत नाही.

याच जिल्ह्यात १९८६ मध्ये सुरू झालेली बुलडाणा अर्बन पतसंस्था आहे. गोदामात ठेवलेल्या शेतमालाच्या पावतीवर कर्ज देण्याचं काम तिने मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. भाव पडले असताना सोयाबीन विकायला न लावता शेतकऱ्याच्या हातात पैसा देता येतो, हे इथल्या माणसाला कुठल्या परिषदेत जाऊन शिकावं लागलं नाही. मग पावतीवर जे जमलं ते पोचेवर का जमू नये? माल उतरल्याची साक्ष आता फोटोत आहे, नाक्यांच्या वेळा फास्टॅगमध्ये आहेत, गाडीचा नंबर ई-वे बिलात आहे. बुडण्याची जोखीम मोजायला याहून जास्त माहिती शेतमालाच्या गोदामातही नसते. जीएसटी नसलेल्या वाहतूकदारालाही ई-वे बिलाच्या पोर्टलवर नोंदणी करून स्वतःचा पंधरा अंकी क्रमांक घेता येतो. एका गाडीचा मालकही तो काढू शकतो. पार्ट-बी मध्ये गाडीच्या नंबराशेजारी तो क्रमांक, ठरलेलं भाडं आणि देण्याची तारीख एवढे तीन रकाने वाढवायचे. ते वाढवले की पतसंस्थेला कर्ज द्यायला आणि ट्रकमालकाला कायद्याने भांडायला कागद मिळतो. हुंडेकरी आणि मोठे ट्रान्सपोर्टर याला विरोध करतील, कारण उरलेलं भाडं वापरायला मिळणं हेच त्यांचं बिनव्याजी भांडवल आहे. हा विरोध मोडून काढणं ॲपवाल्यांच्या आवाक्यातलं नाही. ते सरकारच करू शकतं, आणि त्यासाठी जिल्ह्यातल्या ट्रकमालकांच्या संघटनांनी टोल आणि चलनाइतक्याच जोराने ही मागणी लावून धरायला हवी. सोयाबीनच्या हंगामात बाजार समित्यांबाहेर गाड्या लागतात, आणि त्या हंगामातलं उरलेलं भाडं संक्रांतीपर्यंत हातात पडेल का, याची खात्री त्यांतल्या एकाही मालकाला नसते.